शून्य बिलाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमचे लिहिलेले कोणी वाचत नाही, अशी आम्हा कवींची जुनी तक्रार असते. पण कवितेपेक्षाही कमी वाचला जाणारा एक मजकूर दर महिन्याला आपल्या घरात येऊन पडतो. तो म्हणजे विजेचे बिल. त्यातली देय रक्कम आणि शेवटची तारीख एवढेच माणूस वाचतो, मग तो कागद खुंटीला अडकवतो किंवा मुलाच्या मोबाइलवर ढकलतो. आज तो कागद आपण जरा सावकाश वाचू. कारण छपरावर सौर पॅनेल बसवावे की नाही, हा जो प्रश्न आमच्या देहूत, पलीकडे आळंदी-चाकणात आणि इकडे निगडी-तळवड्यात ओट्याओट्यावर चघळला जातो आहे, त्याचे उत्तर पॅनेल विकणाऱ्याच्या रंगीत पत्रकात नाही. ते या बिलात आहे.

दराचे आकडे सांगतो ते २०२४-२५ या वर्षाचे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२३ मध्ये महावितरणसाठी दोन वर्षांचे दर ठरवून दिले, त्यांतले हे दुसरे वर्ष. पुढे २८ मार्च २०२५ ला आयोगाने नवा आदेश काढला, पाच दिवसांत स्वतःच त्याला स्थगिती दिली, २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि त्यावरही वाद झाले. म्हणून हिशेबाला मी पूर्ण वर्षभर लागू राहिलेले आकडे घेतो. तुम्ही आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घालून पाहा, रीत तीच राहील.

घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांसाठी युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे होते. १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना १० रुपये २९ पैसे. ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे, आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे. हा झाला नुसता वीज आकार. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज आपल्या दारापर्यंत आणण्याचे भाडे, युनिटमागे १ रुपया १७ पैसे. शिवाय दिवा लावा की न लावा, सिंगल फेजला १२८ रुपये स्थिर आकार. या सगळ्या बेरजेवर राज्य सरकारचे १६ टक्के विद्युत शुल्क. इंधन समायोजन आकार कधी असतो, कधी नसतो, तो सोडून देऊ.

दहावीनंतर माझा आणि गणिताचा संबंध सुटला, बी.ए.ला आम्ही मात्राच मोजल्या. पण ही बेरीज अवघड नाही. सगळे धरून पहिल्या शंभरातला प्रत्येक युनिट सुमारे ६ रुपये ८० पैशांना पडतो. एकशे एकावा युनिट १३ रुपये ३० पैशांना, आणि तीनशे एकावा सव्वाअठरा रुपयांना. तोच पंखा, तीच हवा. महिना १०० युनिट वापरणाऱ्या घराचे बिल ८३० रुपयांच्या आसपास येते, ३०० वापरणाऱ्याचे साडेतीन हजारांच्या जवळ. वापर तिप्पट, बिल चौपटीहून जास्त. आमच्या गावात याचा अनुभव जून महिन्यात हमखास येतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान असते. त्याआधी आठ-दहा दिवसांपासून घरोघरी पाहुणे, वारकरी, अंगणात मंडप, पाण्याची मोटर दिवसातून तीनदा, पंखे रात्रभर. हिंदूंचे घर असो, आमच्यासारखे मुसलमानाचे असो, त्या दिवसांत देहूत कोणाचे घर रिकामे नसते. एरवी २८० वर थांबणारा वापर ३४० वर जातो. वरचे वीस युनिट दुसऱ्या टप्प्यात संपतात आणि चाळीस युनिट तिसऱ्यात जातात. साठ युनिटांचे हजाराच्या आसपास रुपये होतात. पाहुण्यांना अर्थात हे सांगायचे नसते.

वीज महाग का, याची कारणे मोठी आहेत आणि त्यांतली बरीच कोळशात, वाहिन्यांतल्या गळतीत आणि थकबाकीत आहेत. पण एक कारण असे आहे की ते बिलाच्या रचनेतच बसलेले आहे. जास्त वापरणाऱ्याकडून खर्चापेक्षा जास्त घ्यायचे, आणि त्यातून शेतीपंपाला व शंभर युनिटांच्या आतल्या गरिबाला वीज स्वस्त द्यायची. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण ते लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्याशी गाठ पडणार आहे.

एकाच्या उजेडाचा भार दुसऱ्यावर, ही गोष्ट आपल्या या पट्ट्याला नवी नाही. इंद्रायणी जिथे उगम पावते त्या लोणावळ्याच्या परिसरात टाटांनी धरणे बांधून पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि १९१५ साली तिथे वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पाणी मावळचे, दिवे मुंबईचे. पलीकडच्या खोऱ्यात मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, धरण झाले ते झालेच. अलीकडचे उदाहरण भारनियमनाच्या काळातले. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवायची, त्याचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोडा आकार भरून सोसायचा आणि शहर भारनियमनमुक्त करायचे, असा प्रयोग झाला. 'पुणे पॅटर्न' म्हणून देशभर त्याची चर्चा झाली. प्रयोग हुशारीचा होता, यात शंका नाही. त्या शहरी मंडळाच्या हद्दीबाहेरच्या गावांना मात्र शहराच्या बाजूला आकाशात पिवळा उजेड दिसायचा आणि घरात कंदील.

आता छपरावर येऊ.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' जाहीर केली. एक कोटी घरे, ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार रुपये अनुदान, तिसऱ्याला १८ हजार. म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. नावातच 'मुफ्त' हा शब्द आहे, आणि उर्दूचे थोडेफार संस्कार असलेला माणूस म्हणून सांगतो, हा शब्द ऐकला की खिसा चाचपून पाहावा. त्याच वर्षी आम्ही तीन किलोवॅटची यंत्रणा बसवली. एक विक्रेता आला, त्याने गच्चीवर उभे राहून दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "चाचा, एक लाख ऐंशी हजार, त्यातून अठ्ठ्याहत्तर वजा, उद्यापासून बिल शून्य."

ते एक लाख ऐंशी हजार कसे वाढत गेले ते ऐका. साध्या सांगाड्यावर पॅनेल बसवले तर तीनशे चौरस फूट गच्ची अडते. मग पापड कुठे वाळवायचे, पाहुणे कुठे निजायचे? उंच सांगाडा घेतला, त्याचे २२ हजार वेगळे. गच्चीला जुनी ओल होती. एकदा पॅनेल बसले की पुन्हा खाली हात घालता येत नाही, म्हणून आधी गळतीबंदीचे काम करून घेतले, १५ हजार. एकूण झाले २ लाख १७ हजार. अनुदान वजा जाता १ लाख ३९ हजार. आणि अनुदान नंतर मिळते. यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ते खात्यात जमा होते. तोवर सगळी रक्कम आपली. योजनेत कमी व्याजाच्या कर्जाची सोय आहे, पण ज्याला कर्ज नको त्याला ठेव मोडावी लागते. आम्ही मोडली. त्या ठेवीचे बुडालेले व्याज हाही विजेचाच खर्च आहे, तो पत्रकात कोणी छापत नाही.

मिळते काय? ढोबळ मानाने एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतो. आमच्या वहीतल्या नोंदी अशा, की एप्रिलमध्ये तीन किलोवॅटने ३९० युनिट दिले, जुलैत २१०. मधले महिने मधले. आमच्या भागात तळवडे-चाकणच्या कारखान्यांची आणि रस्त्यांवरच्या ट्रकांची धूळ आहे. पंधरा दिवस पॅनेल पुसले नाही तर बोटाने नाव लिहिता येते, आणि युनिट कमी होतात ते वेगळेच. शेजारच्या शेवग्याची सावली दुपारी तीननंतर एका कोपऱ्यावर येते. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच्या जोडीतल्या इतरांचीही वीज घटते, हे फार कमी लोकांना ठाऊक असते.

आमचे २८० युनिटांचे बिल २०२४-२५ च्या दराने सव्वातीन हजारांच्या आत-बाहेर असते. ते आता दीडशे रुपयांवर आले. स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क राहतेच, म्हणून 'शून्य' हा शब्द खरा नाही. महिन्याला तीन हजार सत्तर, वर्षाला जवळजवळ ३७ हजार वाचतात. घातलेले पैसे पावणेचार वर्षांत वसूल. बुडालेले सात टक्के व्याज धरले तर साडेचार वर्षे. पॅनेलच्या कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर तितका टिकत नाही. दहा वर्षांच्या आत-बाहेर तो एकदा बदलावा लागेल आणि त्याला तीस-चाळीस हजार बाजूला ठेवावेत. हे सगळे धरूनही आमच्यासारख्या घराला हा व्यवहार चांगला आहे, हे मी नि:शंकपणे सांगतो. कारण आमचे वाचणारे युनिट तेरा रुपयांचे आहेत.

एक गोष्ट मात्र लोकांना धक्का देते. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याची पद्धत आहे. गुरुवारी कडक ऊन, गच्चीवर चकचकीत पॅनेल, आणि घरात पंखा बंद. शेजारी खालून विचारतात, "चाचा, तुमचं तर सोलर आहे ना?" बॅटरी नसलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपणहून बंद पडते आणि ते योग्यच आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या गच्चीवरची वीज उलटी जाईल. अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरी घ्या, तिचा खर्च वेगळा, आणि मग वर सांगितलेला हिशेब लांबतो.

दुसरी गोष्ट रात्रीची. सूर्य दिवसा वीज देतो. घर रात्री वापरते. दिवसा जास्त झालेली वीज तारेवरून महावितरणकडे जाते, रात्री तेवढी परत घेतो, मीटर वजाबाकी करते. आमच्याकडे रमजानात घर पहाटे चारलाच जागे होते. सहरीसाठी मिक्सर, मोटर, सगळ्या खोल्यांतले दिवे. ती वीज सूर्याची नसते. दुपारी आपण दिलेली आणि पहाटे परत मागितलेली असते. यात महावितरणचे म्हणणे असे की दुपारी विजेची चणचण नसते, मोठ्या सौर प्रकल्पांतून ती सुमारे तीन रुपयांना मिळते. संध्याकाळी आणि पहाटे मात्र ती महाग पडते. तुम्ही स्वस्त देता आणि महाग नेता. २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी दिवसाचे युनिट रात्रीच्या युनिटांतून वजा करू द्यायचे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. पॅनेलवाल्यांनी हरकतींचा पाऊस पाडला. माझी बाजू उघड आहे, माझ्या गच्चीवर सव्वा लाख अडकले आहेत. तरीही समोरच्याचे म्हणणे खोटे आहे, असे म्हणवत नाही. इतकेच की सरकारनेच बोलावून आणलेल्या माणसाला जेवण अर्ध्यावर आले असताना ताटाचे भाडे सांगू नये. पंचवीस वर्षांचा व्यवहार करायला लावायचा तर वजाबाकीचा नियमही काही वर्षे पक्का पाहिजे. आणखी एक: साठलेल्या युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. उरलेले युनिट कमी दराने विकत घेतले जातात आणि एप्रिलचा उन्हाळा पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

आता आमच्या शेजारच्या मावशींचे घर घेऊ. एकट्या राहतात. महिन्याला ८५ युनिट, बिल सुमारे ७३० रुपये. त्यांनाही तोच विक्रेता भेटला. एक किलोवॅटची यंत्रणा अनुदान वजा जाता त्यांना ४५ हजारांना पडत होती. वाचणार महिन्याला ५८०, वर्षाला सात हजार. वसुलीला साडेसहा वर्षे. व्याज धरले तर नऊच्या घरात, आणि तोवर इन्व्हर्टर बदलायची वेळ आलेली असेल. कारण त्यांचे वाचणारे युनिट सात रुपयांच्या आतले आहेत. सूर्य दोघांच्या गच्चीवर सारखाच तापतो, पण मावशींच्या गच्चीवरच्या युनिटाची किंमत माझ्याहून निम्मी. राज्य सरकारने २०२५ मध्ये शंभर युनिटांच्या आतल्या दुर्बल घरांना एक किलोवॅटसाठी वरचे अनुदान देणारी 'स्मार्ट' योजना आणली. ती मिळाली तर मावशींचा हिशेब पार पालटतो. पण मीटर आहे त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर, आणि घराच्या उताऱ्यावर पाच दिरांची नावे. आमच्या भागात गुंठ्यागुंठ्याने वाढलेल्या वस्तीत ही अडचण घरोघर आहे. सूर्य मिळतो, वारसनोंद मिळत नाही. पॅनेलचा विचार ज्याच्या मनात असेल त्याने विक्रेत्याला फोन करण्याआधी बिलावरचे नाव वाचावे.

आणि ज्याला छप्परच नाही त्याचे काय? चाकणच्या कारखान्यांत काम करणारी नांदेड, लातूर, यवतमाळकडची शेकडो मुले आमच्या आसपासच्या खोल्यांतून राहतात. दहा खोल्यांना मालकाच्या नावाचे एक मीटर आणि आत दहा लहान मीटर. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने मला आपला कागद दाखवला. चाळीस युनिट, युनिटला चौदा रुपये, सरसकट. हा मुलगा वेगळ्या घरात राहत असता तर त्याला पहिल्या टप्प्याचा दर लागला असता. दहा खोल्यांचा वापर एका मीटरवर एकत्र झाला की तो वरच्या टप्प्यात जातो; शंभर युनिटांची जी सवलत गरिबासाठी ठेवली, ती दहा गरिबांमध्ये मिळून एकदाच मिळते. त्यावर मालकाचे थोडे सुटते ते निराळे.

मघाशी क्रॉस सबसिडी लक्षात ठेवा म्हटले ते इथे उपयोगी पडते. जास्त दराने पैसे भरणारी आमच्यासारखी घरे पॅनेल लावून टप्प्यातून खाली उतरली, की तारा, खांब, रोहित्रे आणि शेतीपंप यांचा खर्च काही कमी होत नाही. तो उरलेल्यांवर वाटला जातो. उरलेल्यांत हा चौदा रुपयेवाला असतो. म्हणून पॅनेल लावू नयेत असे मी म्हणत नाही. मी लावले आहेत आणि काढणार नाही. पण नव्या दरांवर आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथे कोणीही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. पुण्यातला 'प्रयास' गट किंवा सजग नागरिक मंच अशा संस्था अशा प्रश्नांवर अभ्यास करून बोलतात. उद्योगांचे वकील येतात. पॅनेलवाले येतात. खोलीत राहणारा येत नाही, त्या दिवशी त्याची पहिली पाळी असते.

यावर एक तोड सुचवली जाते. शाळेच्या, संस्थानाच्या, बाजाराच्या मोठ्या छपरावर पॅनेल बसवायचे आणि त्याचे युनिट वाटेकऱ्यांच्या बिलांत वळते करायचे. दिल्लीत २०१९ मध्येच अशी नियमावली झाली. आमच्या इथे मोठ्या छपरांची वाण नाही. मी त्या मुलाला हे मोठ्या उत्साहाने सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, वळते कुठं करणार? माझ्या नावाचं बिलच नाही."

२००३ च्या विद्युत कायद्याच्या ४३ व्या कलमात वीजजोडणी मालकाने किंवा जागेत राहणाऱ्याने मागावी, असे शब्द आहेत. म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. मी त्याला अर्जाचा नमुना आणून दिला. सोबत भाडेकरार जोडावा लागतो. मालकाने करार करून दिला नाही. मीटरच हवे असेल तर दुसरी खोली बघ, असे सांगितले. अर्ज अजून त्याच्या ट्रंकेत आहे. गेल्या महिन्यात त्याचे बेचाळीस युनिट झाले.